मुक्काम पोस्ट बालाघाट, प्रिय ग्राहक यांसी

महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकासमोर 'बालाघाट' हा शब्द उच्चारला, की त्याच्या मनात प्रथम बीड-धाराशिवकडची डोंगररांग उभी राहते, आणि वैनगंगेकाठच्या, मध्य प्रदेशातील बालाघाट या जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या मराठी माणसाला 'ते नव्हे, गोंदियाच्या पुढचे' हे चार शब्द आयुष्यभर खिशात बाळगावे लागतात. १८६७ साली मंडला, सिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे तुकडे जोडून हा जिल्हा तयार झाला. १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती, नंतर ती भोपाळ झाली, पण दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि नोकरीला लागलेला मुलगा या तीन बाबींपुरती ती अद्यापि नागपूरच आहे. नामसाधर्म्याचा त्रास जिल्ह्याच्या आतही संपत नाही. वारासिवनी हे जिल्ह्यातले तहसिलीचे गाव, सिवनी हा शेजारचा स्वतंत्र जिल्हा आणि सिवनी-मालवा हे नर्मदेकडचे तिसरेच ठिकाण. त्यामुळे पाटीवर नुसते 'सिवनी' वाचून बॅगा खाली उतरवणारा पाहुणा लग्नघरी पोहोचेपर्यंत वरात निघून गेलेली असते. या भूगोलामुळे येथील माणसाला एक सवय आपोआप जडली आहे, ती म्हणजे पत्ता शेवटून वाचण्याची: आधी राज्य, मग जिल्हा, मग तहसील आणि सर्वांत शेवटी गावाचे नाव. बँकेच्या नावाने येणारी बनावट ई-मेल ओळखण्याच्या शास्त्राला नेमकी हीच सवय लागते, आणि ती अंगी असूनही बालाघाटचा माणूस मोबाइल हातात घेताच पत्ता सुरुवातीकडून वाचू लागतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अशा ई-मेलला 'फिशिंग' म्हणतात. मासेमारीच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर मुद्दाम चुकवून हा शब्द १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत घडला. 'अमेरिका ऑनलाइन' या इंटरनेट सेवेच्या ग्राहकांचे पासवर्ड काढून घेणाऱ्या टोळक्यांनी तो रूढ केला, आणि त्या विचित्र वर्णलेखनामागे टेलिफोन यंत्रणेला गंडवणाऱ्या त्याआधीच्या पिढीच्या 'फ्रीक' या बिरुदाची आठवण असल्याचे मानले जाते. म्हणजे या धंद्याच्या नावातच शुद्धलेखनाची चूक आहे, आणि ती त्याने पुढे कुळाचारासारखी सांभाळली. वैनगंगेवर गळ टाकून बसणाऱ्या ढिवराला मात्र हे नाव पटणे कठीण आहे, कारण तो पाण्याचा रंग पाहतो, माशाच्या जातीप्रमाणे आमिष बदलतो आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी गेला तर मुकाट्याने जेवतो. याउलट फिशिंग करणारा लाखो पत्त्यांवर एकच मजकूर फेकतो आणि ज्यांचे त्या बँकेत खातेच नाही अशांनाही 'आपले खाते आज बंद होत आहे' असे कळवून मोकळा होतो. ज्याला खरोखर कष्टाची मासेमारी म्हणता येईल, म्हणजे अगोदर सावजाचे नाव, शाखा, हुद्दा आणि वरिष्ठाचे नावही शोधून काढून मग त्याला एकट्याला लिहिणे, त्या प्रकाराला 'स्पिअर फिशिंग', अर्थात भाल्याने केलेली मासेमारी, असे वेगळे नाव द्यावे लागले.

बँकेच्या नावाने येणाऱ्या या पत्रांचा गाभा म्हणजे त्यांतील आस्था, आणि अनुभवी वाचकाला पहिला संशय तेथेच यावयास हवा. ज्या संस्थेत पासबुक छापून घेण्यासाठी तीन फेऱ्या पडतात, पहिल्या फेरीत यंत्र बिघडलेले असते, दुसऱ्या फेरीत सर्व्हर डाउन असतो आणि तिसऱ्या फेरीत 'लंच के बाद' असे उत्तर मिळते, त्याच संस्थेने रविवारी रात्री अकरा वाजता, ग्राहकाच्या खात्याच्या काळजीने झोप उडाल्यासारखे पत्र लिहावे, ही घटना बँकिंगच्या इतिहासात न बसणारी आहे. पत्राचा मायना 'प्रिय ग्राहक' असा असतो, आणि हेही लक्षण महत्त्वाचे आहे, कारण खऱ्या बँकेला ग्राहकाचे नाव ठाऊक असते; ती ते चुकीचे छापते, बिसेनचे बिशन आणि पारधीचे परिधी करते, पण छापते. त्यानंतर धमकी येते: केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणाऱ्या कागदपत्रांची पूर्तता, अपुरी आहे, पॅन जोडलेले नाही, अथवा कोणीतरी अनोळखी इसमाने खात्यात शिरण्याचा प्रयत्न केला आहे. (हे शेवटचे वाक्य पाठवणाऱ्याविषयी खरे असते, आणि संपूर्ण पत्रात तेवढेच खरे असते.) शेवटी चोवीस तासांची मुदत आणि एक निळा दुवा, ज्यावर बोट ठेवले की बँकेच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडते आणि वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, कार्डाच्या मागचे तीन अंक व मोबाइलवर आलेला ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा सांकेतिक आकडा, क्रमाक्रमाने मागून घेते.

चोवीस तासांच्या या मुदतीला बालाघाटात एक अनपेक्षित अडथळा येतो. येथील बहुसंख्य ज्येष्ठ नागरिकांचा ई-मेल पत्ता हा त्यांनी स्वतः काढलेला नसून नवा मोबाइल घेताना दुकानदाराने काढून दिलेला असतो, त्याचा पासवर्ड दुकानदाराच्या वहीत असतो आणि ती वही गतवर्षीच्या पावसात भिजलेली असते. अशा पत्त्यावर आलेले पत्र उघडण्याचा योग दिवाळीत मंडईच्या जत्रेसाठी गावी आलेल्या नातवाच्या हातून येतो, तेव्हा मजकूर इंग्रजीत असतो, नातू तो हिंदीत सांगतो, आजोबा त्याची काळजी मराठीत करतात आणि आजी पोवारी बोलीत निकाल देते. एवढ्या भाषांतरातून कोणतीही घाई जिवंत बाहेर पडत नाही. शिवाय पत्रावरची तारीख मार्चची निघते, म्हणजे खाते आठ महिन्यांपूर्वीच बंद पडावयास हवे होते. प्रत्यक्षात त्यात धानाच्या चुकाऱ्याचे पैसे नुकतेच जमा झालेले असतात. धमकीची शहानिशा करण्याची इतकी निर्दोष पद्धत सुरक्षातज्ज्ञांच्याही हाती लागलेली नाही. दुर्दैवाने ती घरातील तरुणांना उपलब्ध नाही, कारण त्यांचा मोबाइल पत्र आल्याक्षणी वाजतो आणि ते चालत्या दुचाकीवर त्याचे उत्तर देतात.

येथे प्रश्न असा उपस्थित होतो, की कोणीही उठून बँकेच्या नावाने पत्र पाठवू शकतो, हे मुळात शक्य कसे झाले. ई-मेल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कशी जावी याचा नियम जॉन पोस्टेल या अमेरिकन संशोधकाने ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढला, आणि त्या काळी हे जाळे वापरणारी मंडळी बहुतांश विद्यापीठे व संशोधनसंस्था यांतली असल्याने, पाकिटावर प्रेषक म्हणून जे नाव लिहिले असेल ते खरेच असणार, असे त्यात गृहीत धरले गेले. नंतरच्या काळात या भाबडेपणावर उपाय म्हणून पाठवणाऱ्या संगणकाची नोंद तपासणारी आणि पत्रावर गणिती मोहोर उमटवणारी व्यवस्था जोडण्यात आली, तिच्यामुळे बरीच खोटी पत्रे आता 'स्पॅम'च्या अडगळीत जाऊन पडतात; परंतु पत्त्याऐवजी ठळक अक्षरांत दिसणारे प्रदर्शनी नाव आजही हवे ते लिहिता येते, आणि मोबाइलच्या चिंचोळ्या पडद्यावर नेमके तेवढेच दिसते.

मराठी माणसाला तोतया ही गोष्ट नवी नाही. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, त्यांचा शेवट कोणी खात्रीने पाहिला नव्हता, आणि काही वर्षांतच सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. पेशव्यांनी चौकशी करून त्याला कैदेत टाकले. परंतु १७७६ साली रत्नागिरीच्या अधिकाऱ्याने त्याचे म्हणणे खरे मानून त्याला मोकळे केले, कोकणात फौज जमली, किल्ले हातचे गेले, आणि अखेर त्याच वर्षी पराभूत होऊन पकडला गेल्यावर त्याला देहान्त शिक्षा झाली. नरसिंह चिंतामण केळकरांनी पुढे या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर मुख्य कार्यालयाने ज्या पत्त्यावर बंदी घातली होती, तो पत्ता शाखेने मुख्य कार्यालयाला न विचारता उघडला. या तोतयाच्या तुलनेत गावोगाव हिंडणारा बहुरूपी फार सभ्य ठरतो. तोही फौजदाराचा पोशाख चढवून दारात येतो, वॉरंट काढल्याचे सांगतो, घरच्यांचे तोंड उतरले की 'लगनाला चला' म्हणून हसतो, आणि शेवटी स्वतःच सोंग उतरवून पसाभर तांदूळ मागतो. सोंग उतरवण्याची पायरी वगळली आणि तांदळाऐवजी संपूर्ण कोठार उचलले, की बहुरूप्याचे फिशिंग होते.

ओळख पटवण्याचा राजमार्ग पत्त्यातूनच जातो. इंटरनेटवरील प्रत्येक स्थळाच्या नावाला 'डोमेन' म्हणतात, त्याचे भाग टिंबांनी तोडलेले असतात, आणि आरंभीच्या 'एचटीटीपीएस'नंतरची रेघांची जोडी सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडचा मजकूर उजवीकडून डावीकडे वाचला असता त्याची मालकी कळते: सर्वांत उजवीकडचा तुकडा म्हणजे राज्य, त्याच्या डावीकडचा जिल्हा, आणि त्याहून डावीकडे सहसा मालकाला हवे ते लिहिण्याची मुभा असते. त्यामुळे पत्त्याच्या आरंभी एखाद्या नामांकित बँकेचे नाव, मग 'सिक्युअर', मग 'केवायसी' आणि अगदी उजव्या टोकाला भलतेच काही असेल, तर ते स्थळ बँकेचे नसून त्या भलत्याचे आहे, जसे दुकानावर 'नागपूर साडी सेंटर' लिहिल्याने बालाघाट जिल्ह्यातले लालबर्रा नागपुरात जात नाही. येथे बालाघाटच्या माणसाने वारासिवनी आणि सिवनी यांच्यात फरक करण्याची आपली जुनी पुण्याई वापरावी, एवढीच अपेक्षा आहे. दुव्यावर बोट नुसते दाबून धरले, अथवा संगणकावर माउसचा बाण त्यावर आणून ठेवला, तर दुवा न उघडता त्यामागचा खरा पत्ता दिसतो. दिसणारी अक्षरे आणि मागचा पत्ता ही दोन वेगळी असू शकतात, हे अनेकांना ठाऊकच नसते.

याहून बारीक कारागिरी अक्षरांमध्ये चालते. रोमन लिपीत 'आर' आणि 'एन' ही अक्षरे चिकटवून लिहिली की लांबून 'एम' दिसते, आणि रशियन लिपीतील काही अक्षरे रोमन अक्षरांसारखीच असल्याने ती मधोमध पेरली की डोळ्याला कळत नाही, संगणकाला मात्र तो पूर्ण वेगळा पत्ता वाटतो. ज्या भाषेत जुन्या वळणाचा 'ख' सुटा पडला की 'खाना' आणि 'रवाना' यांत जेवण व प्रवास एवढा फरक पडत असे, त्या भाषेच्या वाचकांना या युक्तीचे आश्चर्य वाटू नये. या सर्व गोंधळावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारीत बँकांसाठी राखीव असे 'डॉट बँक डॉट इन' हे शेपूट जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी त्यावर स्थलांतर करावे असे एप्रिलमध्ये कळवले. हे शेपूट देण्याचा अधिकार हैदराबादच्या एकाच संस्थेला, म्हणजे रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या आयडीआरबीटीला असल्याने ते बाजारातून कोणालाही विकत घेता येत नाही.

भाषेच्या चुका हा ओळखीचा दुसरा मार्ग म्हणून सांगितला जातो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मक हर्ली यांनी २०१२ साली एका निबंधात असा प्रश्न विचारला, की नायजेरियातील राजपुत्राच्या वारशाची पत्रे लिहिणारे ठग आपण नायजेरियाचेच आहोत असे उघड का सांगतात, जे वाचून शहाणा माणूस लगेच हसतो. आणि त्याचे उत्तर असे दिले, की शहाण्याने लगेच हसून निघून जावे हाच हेतू असतो, कारण पुढचा पत्रव्यवहार खर्चिक असल्याने तो फक्त भोळ्यांशीच व्हावा हे ठगाच्या फायद्याचे ठरते. बँकेच्या तोतयाला असा लांब पत्रव्यवहार करावा लागत नाही, म्हणून तो शुद्ध लिहिण्याचा प्रयत्न करतो, आणि आता यंत्रे त्याच्यासाठी निर्दोष इंग्रजी लिहून देतात. मराठीभाषकाच्या दृष्टीने तर हा निकष पहिल्यापासूनच निरुपयोगी होता, कारण 'आपल्या खात्यामध्ये देय आहे तो प्रलंबित केला गेलेला असून कृपया नोंद घ्यावी' अशा भाषेतली पत्रे खऱ्या कचेऱ्यांतूनही येतात. व्याकरणावरून संशय घ्यावयाचा म्हटले तर निम्मा शासनव्यवहार बनावट ठरेल.

पुण्यातील एका उद्योजकाला असे पत्र अतिशय महागात पडले. फिशिंगच्या ई-मेलला उत्तर दिल्यानंतर त्याच्या कंपनीच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये परस्पर वळते झाले, आणि २०१३ साली महाराष्ट्राचे माहिती तंत्रज्ञान सचिव, जे कायद्याने अशा तंट्यांचे न्यायनिर्णय अधिकारीही असतात, त्यांनी संबंधित बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. उरलेली रक्कम ग्राहकाच्या वाट्याला आली, कारण पत्राला उत्तर त्याने दिले होते. बँकेला दोष यासाठी लागला, की ज्या खात्यांत पैसे गेले ती खाती उघडताना तिनेच पुरेशी तपासणी केली नव्हती. म्हणजे ग्राहकाकडे केवायसीसाठी धोशा लावणाऱ्या व्यवस्थेत चोराची केवायसी तेवढी राहून गेली होती. कायद्याच्या बाजूने पाहता दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेच्या खटल्यात फिशिंग बेकायदेशीर असल्याचे मान्य केले, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अट एवढीच, की तो सापडला पाहिजे.

बालाघाट जिल्ह्याला न्याय देण्यासाठी येथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. २०२२ साली लांजी भागातील 'डबल मनी' प्रकरण उघडकीस आले, पोलिसांनी कोट्यवधींची रोकड जप्त केली, आणि थोड्या महिन्यांत पैसे दुप्पट होतील या आशेने गावेच्या गावे त्यात गुंतली असल्याचे दिसले. त्यासाठी ना बनावट डोमेन लागले, ना रशियन अक्षर, ना चोवीस तासांची मुदत. ओळखीचा माणूस आणि शेजाऱ्याला मिळालेला पहिला हप्ता एवढे पुरले. ई-मेल पाठवणाऱ्याला अनोळखी असण्याची जी अडचण सोसावी लागते, तिच्यामुळेच त्याला इतकी तांत्रिक मेहनत करावी लागते, असा निष्कर्ष यातून काढता येईल.

पत्र हाताळण्याविषयी फारसे गूढ नाही. दुवा उघडू नये, सोबत जोडलेली फाइल उघडू नये, पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये, कारण तो उचलणारा त्याच दुकानातला असतो. शंका असेल तर कार्डाच्या मागे अथवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर विचारावे, किंवा बँकेचा पत्ता स्वतः टंकून आत जावे. बोट चुकून गेलेच आणि माहिती भरली गेलीच, तर लाजेने दोन दिवस गप्प बसणे ही बालाघाटात सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धत सर्वांत महाग पडते. तत्काळ बँकेला कळवून कार्ड व नेट बँकिंग बंद करावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतानाच तो गोठवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर काहीच बोजा पडत नाही. चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवशी कळवले तर साध्या बचत खात्यावर तो जास्तीत जास्त दहा हजारांचा असतो. मात्र ग्राहकाने स्वतःच पासवर्ड अथवा ओटीपी दिला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे. अर्थात त्या क्षणाची वेळ लिहून ठेवणे आणि तक्रारीचा क्रमांक मागून घेणे हे ग्राहकाच्या हिताचे असते, आणि 'भाऊ, नंबर लिहून द्या' म्हणण्याचा संकोच येथे परवडणारा नाही.

एवढे सर्व ज्ञान पदरी पडल्यावर एक पेच उरतो, आणि तो नव्या शेपटामुळेच निर्माण झाला आहे. २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस खऱ्या बँका आपल्या खऱ्या ग्राहकांना खरोखरच असे कळवू लागल्या, की आमचा संकेतस्थळाचा पत्ता बदलला आहे, यापुढे नवीन पत्ता वापरावा. आस्था तीच, मायना तोच, निळा दुवा तोच. वर्षभर वर्तमानपत्रांतील सूचना वाचून तयार झालेल्या बालाघाटच्या सेवानिवृत्त मास्तरांनी ते पत्र पाहताच तोतया म्हणून खोडून टाकले, आणि शहानिशा करण्यासाठी पासबुक पिशवीत घालून, उन्हाची वेळ टाळून, थेट शाखेत जाऊन खिडकीवरच्या तरुणाला विचारले, की हा पत्ता तुमचाच काय. तरुणाने संगणकावरून नजर न काढता सांगितले, 'काकाजी, मेल भेजा होगा ना, उसी में लिंक है, देख लो.'